शनिवारची रोहा फेरी

सुकेळीच्या खिंडीत त्या दुपारी ट्रक आडवा झाला नसता, तर हा लेख लिहायची वेळ माझ्यावर आली नसती. अंकाचे संपादक म्हणाले, टॅक्सीच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना तसलं वाचायला आवडतं. गमती माझ्याकडे पोत्याने आहेत. पण त्यातली एक सांगून मी एकदा मोठी चूक केली, आणि आज तीच पुन्हा सांगायला बसलोय. या वेळी ज्याची गोष्ट आहे त्याला आधी विचारलं. तो काय म्हणाला ते शेवटी येईल.

मी आधी मुंबईत दहा-बारा वर्षं काळी-पिवळी चालवली, मग पेणला. मुंबईच्या सिग्नलांना कंटाळून गावी आलो तेव्हा वाटलं होतं, इथे डोकं शांत राहील. तसं काही झालं नाही. वडखळच्या नाक्यावर एकदा गाडी अडकली की माझं तोंड सुटायचं ते नागोठण्याशिवाय मिटायचं नाही. एसटीवाले, ट्रकवाले, रस्त्यात बसणाऱ्या म्हशी, रस्ता खणणारे आणि खणून निघून जाणारे, कुणालाही मी सोडलं नाही. स्टँडवर मला ‘मिरची वसंता’ म्हणत. पॅसेंजर आधी घाबरायचे, मग त्यांना मजा वाटू लागायची. बाहेरच्यांना म्हणून सांगतो, ड्रायव्हर करवादतो ते नेहमी रागाने नसतं. आठ-दहा तास एका जागी बसून हात-पाय आखडतात, मग तोंडालाच चालावं लागतं. अगदी गप्प ड्रायव्हर मिळाला तर त्याच्याशी बोलत राहा, तो पेंगत असण्याची शक्यता आहे.

दोन गोष्टी मात्र मला मुंबईतल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने शिकवल्या होत्या. आरशात मागचा रस्ता बघायचा, माणूस बघायचा नाही. मागे कुणी रडायला लागलं तर आरसा बोटाने जरा वर करायचा. आणि एका पॅसेंजरचं दुसऱ्याला सांगायचं नाही. आमच्या गाडीत लोक जे बोलतात ते घरी बोलत नाहीत. भांडणं होतात, लग्नं मोडतात, खोटं बोलायची तालीम होते. आपण गिअर टाकायचा.

गणपतीच्या हंगामात पेणच्या टॅक्सीवाल्याला जेवायला फुरसत नसते. गावोगावचे लोक आधी आपापला पाट कारखान्यात आणून देतात, मागे घरच्या माणसाचं नाव लिहिलेलं असतं. मूर्ती त्याच पाटावर बसवतात. न्यायला घरचंच माणूस यावं लागतं, आणि एकदा उचलली की ती घरीच टेकवायची, वाटेत नाही. एक पुण्याचे गृहस्थ दोन फुटी मूर्ती मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसले. मी घाटात ब्रेक मारला की म्हणायचे, अहो, बाप्पांना हिसका बसतोय. खोपोलीला चहा मागवला तर दोन्ही हात मूर्तीला, मग मी बशी त्यांच्या तोंडाशी धरली. दुसरा चहाही त्यांनी तसाच प्यायला. उतरताना म्हणाले, तुम्ही स्वभावाने फार तिखट आहात. चहा पाजून हे सर्टिफिकेट मिळालं.

संध्याकाळी गाडी लावली की आमची बैठक अण्णाच्या बारमध्ये. बार म्हणजे चार टेबलं, एक पंखा आणि भिंतीवरच्या फळीवर टीव्ही. आम्ही तिघे. मी, शशी आणि नामदेव. शशी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. सबंध दिवस श्वास रोखून काम, त्यामुळे संध्याकाळी त्याचा हात ग्लासालाही हलकेच लागायचा. नामदेव धरमतर खाडीकाठच्या गावचा, मिठागरात राबलेला. टाचा फुटलेल्या, आवाज मोठा, आणि बोलणं त्याहून मोठं. माझी कुरकुर आणि त्याच्या बढाया ऐकायला अण्णा गल्ला सोडून आमच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा.

नामदेवच्या सगळ्या बढाया एकुलत्या एका मुलाच्या. संतोष रोह्याला कंपनीत साहेब आहे. संतोषची केबिन थंड आहे. दर शनिवारी संतोष मला जेवायला बोलावतो, ‘बाबा, आनखी घ्या’ म्हणून मागे लागतो.

दर शनिवारी नामदेवला रोह्याला मीच न्यायचो. इस्त्रीचा शर्ट, काळी छत्री आणि कागदात बांधलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, मुलासाठी. तो पुढे माझ्या शेजारी बसायचा. पहिल्या खेपेला मला वाटलं, हा खरंच जेवायला चाललाय. पण कोलाड सोडून धाटावच्या कंपन्या लागल्या तशी त्याने एका गेटच्या अलीकडे गाडी थांबवायला सांगितली. तीनला पहिली शिफ्ट सुटते. नामदेव रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेला, उन्हात छत्री उघडून तोंडासमोर धरली आणि उभा राहिला. भोंगा झाला, माणसं बाहेर पडली, सायकली, स्कूटरी गेल्या. पाच मिनिटांत तो परत आला.

“चल,” म्हणाला. मी विचारलं नाही. वडखळपर्यंत त्यानेच सांगितलं. संतोष साहेब नव्हता, मशीनवर होता. त्याने मनाने लग्न ठरवलं तेव्हा नामदेव भडकला होता, ‘परत माझ्या दारात पाय ठेवू नको’ म्हणाला होता. बायको त्याच्या आदल्या वर्षी गेलेली, मध्ये पडून समजावणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा गेला तो गेलाच. आता बापाला ते शब्द मागे घेता येत नव्हते आणि शनिवारी घरात बसवत नव्हतं.

“कुनाला बोलू नको,” त्याने सांगितलं, आणि सोड्यांची पुडी माझ्या हातात दिली. “वयनीला दे. सांग, पोरगा बोलला, घरी लय हाय.”

मग दर शनिवारी तेच. मी गाडीत बसून राहायचो, तो टपरीवर जायचा, पाच मिनिटांत यायचा. पुडी माझ्या घरी यायची. बायको म्हणायची, नामदेव भावोजींचा मुलगा मासळी खात नाही का? मी म्हणायचो, साहेब झालाय तो. चार वर्षं आम्ही त्या मुलाचे सोडे खाल्ले.

केबल टीव्ही घरोघर आला त्या सुमाराला मुंबईचे एक लेखक पेणला आले. कारखाने बघायचे म्हणून त्यांनी आठवडाभर माझी गाडी घेतली. सभ्य माणूस, खिशात छोटी वही. माझ्या शिव्या त्यांना इतक्या आवडल्या की संध्याकाळी ते अण्णाच्या बारमध्येही आले. आमच्यात बसले, हसले, शशीचे हात बघत राहिले. म्हणाले, तुमच्यावर मालिका लिहितो, एक चिडका टॅक्सीवाला आणि त्याचे बारमधले दोस्त. अण्णाने त्या दिवशी फुटाणे दोनदा आणले.

जायच्या आदल्या दिवशी त्यांना रोह्याला न्यायचं होतं. सुकेळीच्या खिंडीत ट्रक आडवा झालेला, मागे-पुढे गाड्यांची रांग, उकाडा. दोन तास आम्ही तिथे. माझ्या शिव्या संपल्या. मग ते म्हणाले, तुमचा तो नामदेव भारी माणूस आहे, त्याचा मुलगा खरंच साहेब आहे का?

मी सांगितलं. आजही स्वतःला विचारतो, का सांगितलं. कौतुकाचा माणूस मिळाला होता, त्याने हसावं असं वाटत होतं. छत्री सांगितली, सोडे सांगितले. एवढ्यावर थांबलो नाही. गाडीतून मी कधी उतरलोही नव्हतो, तरी रंगवून सांगितलं की नामदेव छत्रीआडून पोराचं तोंड बघतो, डोळे भरून बघतो आणि खुशीत परत येतो. ऐकता ऐकता लेखकांनी वही मिटली. मला वाटलं, लिहीत नाहीयेत म्हणजे हे आपल्यातच राहील. तेव्हा मला माहीत नव्हतं की त्या जातीचा माणूस नीट ऐकायला लागला की लिहायचं थांबतो.

मालिका सुरू झाली. दर गुरुवारी संध्याकाळी आठला अण्णाचा बार भरायचा. टीव्हीतला टॅक्सीवाला माझ्यासारखाच दार आपटायचा. बाहेरगावचे पॅसेंजर ‘तुम्हीच का ते’ म्हणून विचारू लागले, आणि मी, खोटं कशाला सांगू, आरशात भांग पाडून गाडी काढू लागलो. नामदेवला स्वतःचं सोंग बघून इतकं हसू यायचं की टेबल हलायचं. त्यातला बढाईखोर दोस्त खाऱ्या पाण्यात पाय बुडवून बसायचा. नामदेव म्हणायचा, बरोबर पकडलान् मला.

एका गुरुवारी टीव्हीतल्या त्या दोस्ताने इस्त्रीचा शर्ट घातला. काखेत पुडी घेतली. नामदेव हसत होता. मग पडद्यावर कंपनीचं गेट आलं, टपरी आली, आणि छत्री उघडली. टॅक्सीवाला झाडामागून डोकावतोय, दोस्त छत्रीआड लपतोय, मुलगा हसत हसत समोरून येतोय, आणि मागून लोकांच्या हसण्याचा आवाज. बारमधलेही हसत होते. शेवटी टॅक्सीवाल्याची बायको म्हणते, आता पुरे ते सोडे, घराला वास सुटलाय. त्यावर सगळ्यात मोठा हशा.

नामदेवने ग्लास टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलं.

“तू सांगितलंस,” तो म्हणाला.

माफी मागायची सोडून मी म्हणालो, “अरे, ती गंमत हाय.” माझ्या उभ्या आयुष्यात मी इतक्या शिव्या दिल्या, पण याहून वाईट वाक्य माझ्या तोंडून गेलेलं नाही. तो उठला आणि चालू लागला. ग्लास अर्धा होता. शशी पुढचं काही बघत नव्हता, त्याने टीव्हीकडे पाठ केली. मला तिथून बाहेर जाऊन नामदेवला गाठायचं होतं, पण मी खुर्चीतच बसून राहिलो.

पुढच्या शनिवारी मी दोन वेळा त्याच्या गावच्या बांधापर्यंत गाडी नेली. तो आला नाही. एसटीने जातो का म्हणून स्टँडवर चौकशी केली, तर तेही नाही. त्याने रोह्याला जाणंच सोडलं होतं. म्हणजे माझ्या बोलण्याने त्याची पाच मिनिटंसुद्धा गेली. शनिवारी दुपारी मला गाडीतही बसवेना आणि घरातही. विनाकारण टायर तपासत राहायचो. लेखकांना पत्र लिहिलं, ते फाडलं. त्यांनी चोरलं नव्हतं, मीच दिलं होतं.

असे दहा महिने गेले. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी शशी स्टँडवर आला. कामाच्या दिवसात तो कारखान्यातून बाहेर पडला, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं. त्याने सांगितलं की नामदेवचा गणपती अजून कारखान्यातच आहे. बाकीचे पाट जवळजवळ सगळे गेले होते. नामदेव बांधावरून घसरून पडला होता, पाय प्लास्टरमध्ये. भावकीतले लोक म्हणाले, आम्ही आणतो, तर त्याने सांगितलं, नको, संतोष आणतोय, स्वतःच्या गाडीतून. मालिका गावानेही बघितली होती, आणि कुजबुज त्याच्या कानावर जात होती. एकदा मान ताठ करून बोलून बसला, आता ना तो स्वतः येऊ शकत होता ना दुसऱ्याला पाठवू शकत होता. उद्या घरातलं मखर रिकामं राहिलं असतं, आणि गावाने काय ते समजून घेतलं असतं.

मी म्हणालो, मी नेऊन देतो. शशी म्हणाला, तू घरचा हायस काय?

मी सरळ रोह्याची वाट धरली. वडखळ, नागोठणं, सुकेळी, त्या दिवशी एकालाही शिवी दिली नाही. तीनच्या आधी गेटवर पोचलो. टपरीवर थांबलो नाही, गेटच्या तोंडाशीच उभा राहिलो, न जाणो चुकला तर. भोंगा झाला. नामदेवसारखं कपाळ असलेला एक पोरगा बाहेर आला. मी नाव विचारलं.

“संतोषच मी. काय काम हाय?”

रस्ताभर मी दहा वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो, “तुमच्या घरचा पाट कारखान्यात पडून हाय. बाबाचा पाय मोडलाय. घरचं मानूस लागतं.”

त्याने माझ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कोण ते त्याला कळलं असावं, मालिका कुणी बघितली नव्हती? मग टपरीवरून घरी फोन करून आला आणि मागच्या सीटवर बसला.

सुकेळी गेली, नागोठणं आलं. मी आरसा जरा वर केला होता.

“काका,” शेवटी तो म्हणाला, “ते छत्रीचं खरं हाय काय? बाबा यायचे?”

याच रस्त्यावर, याच गाडीत माझं तोंड सुटलं होतं. सांगायची इतकी घाई झाली होती की जीभ दातांना लागत होती. चार वर्षं, दर शनिवार, सोडे, सगळं. मी गिअर बदलला.

“मी टॅक्सीवाला हाय,” म्हणालो. “त्यांनाच इचार.”

कारखान्यात शशी वाट बघत होता. पाट उलटा करून त्याने संतोषला मागचं नाव दाखवलं. नामदेवचं होतं, आणि त्याखाली जुन्या रंगात संतोषचंही. ते बापाने पुसलेलं नव्हतं. संतोषने हात पुढे केले. शशीने मूर्ती त्याच्या हातात दिली, बाप्पांच्या तोंडावर रुमाल टाकला. मग खाडीकाठच्या त्या कच्च्या रस्त्याने मी गाडी बैलगाडीच्या चालीने नेली. एकही हिसका बसू दिला नाही. पुण्याच्या गृहस्थांनी बघायला हवं होतं.

गणपती घेऊन येणाऱ्याला दारात थांबवतात. त्याच्या पायांवर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मगच आत घेतात. शेजारची काकी तांब्या घेऊन पुढे आली. नामदेव ओटीवर काठीच्या आधाराने उभा होता. दारात कोण आहे ते बघून त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही, मी गाडीतच होतो आणि या खेपेला रंगवून सांगायचं नाही असं ठरवलंय. त्याने काकीच्या हातातला तांब्या घेतला. प्लास्टरचा पाय तसाच ठेवून तो वाकला. आजूबाजूला सगळी भावकी उभी होती.

“पाय पुढं कर,” तो मुलाला म्हणाला.

एवढं मला गाडीपर्यंत ऐकू आलं. मी गाडी वळवली. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

पुढे संतोष सणावाराला घरी येऊ लागला, सून आली, नंतर नातही. हे सगळं मला शशीकडून कळायचं. नामदेव बारमध्ये परत आला नाही. त्याच्या खुर्चीवर अण्णा कुणाला बसू द्यायचा नाही. मी संध्याकाळी जायचो, अर्धा ग्लास ठेवून उठायचो, बाहेर जाऊन परत यायचो. शनिवारचे तीन वाजले की माझा पाय आपोआप क्लच शोधायचा. आता गाडी विकून किती वर्षं झाली, अजूनही शोधतो. बायको म्हणते, बसा हो जरा.

त्या गणपतीनंतरच्या वैशाखात एका सकाळी मी गाडी पुसत होतो. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. नामदेव, मांडीवर पाट. पुढे माझ्या शेजारी बसायचा तो मागे बसला होता. कारखान्याकडे चल, एवढंच म्हणाला. मी निघालो. वाटेत दोन ट्रक आडवे आले, एक रिक्षा घुसली, एका एसटीने जागाच दिली नाही. मी गप्प. बाजारपेठेतून वळलो तेव्हा मागून आवाज आला.

“आज लय गप हायस. बरं नाय काय?”

मी खिडकीतून डोकं काढून त्या एसटीवाल्याला अशी शिवी दिली की कंडक्टरने वाकून बघितलं. मागे पाट हलत होता. नामदेव हसत होता.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. आता दोघांच्याही काठ्या आहेत. म्हटलं, तुझं लिहू का? नको म्हणालास तर पुण्याचे गृहस्थ आणि चहा एवढ्यावरच भागवतो. नात पायाशी खेळत होती.

“लिही,” तो म्हणाला. “पन टीव्हीत पोरगा समोरनं हसत येताना दावला, ते खोटं हाय. तसं कुनी सांगितलं त्यांना ठाव नाय.”

मी खाली बघितलं.

“ते लोक गेटातना बाहेर पडून पलीकडं वळत. टपरीवरनं नुसती पाठ दिसायची. चार वरसं पाठच बघितली मी. तोंड एकदा पन दिसलं नाय. तेवढं नीट लिही.”

तेवढं नीट लिहिलं आहे.